जुने मूल्य कोणी पाहिले होते?

गिटमधली ब्रँच म्हणजे बहुतेक वेळा डिस्कवरची ४१ बाइटची एक फाइल असते: ४० अक्षरांचा हॅश आणि शेवटी ओळ संपल्याची खूण. हजारो कमिट आणि शेकडो माणसांचे अनेक वर्षांचे काम या एवढ्याशा फाइलीच्या नावाने ओळखले जाते. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले तेव्हापासून त्याचा पाया असा की कमिट, फाइलींचा मजकूर, फोल्डरांच्या याद्या या साऱ्यांची ओळख त्यांच्याच मजकुरावरून काढलेल्या हॅशने होते. मजकूर बदलला की हॅश बदलतो. म्हणजे जुन्या वस्तूवर गिरवता येत नाही, तिच्या शेजारी नवी वस्तू तयार होते. या न बदलणाऱ्या साठ्यात जागच्या जागी बदलते ती फक्त ब्रँच सध्या कुठल्या कमिटवर आहे ही नोंद. तिला गिटमध्ये रेफ म्हणतात. मराठीतला रेफ अक्षराच्या डोक्यावर असतो आणि त्याची जागा चुकली की शब्दच बदलतो. हा रेफही तसाच, आकाराने नगण्य आणि परिणामाने मोठा. बाकी सारा साठा अपरिवर्तनीय असल्यामुळे चुकीचा धोका या एका जागी एकवटला आहे. म्हणून रेफ हलवण्याकडे एखादी किरकोळ आज्ञा म्हणून न पाहता एक स्वतंत्र प्रश्न म्हणून पाहायला हवे.

रेफ सुरक्षितपणे हलवला, असे केव्हा म्हणायचे? नवा हॅश बरोबर असला की झाले, असे वाटते खरे, पण नवा हॅश जवळजवळ नेहमी बरोबरच असतो. ज्याने तो लिहिला त्याला तोच हवा होता. चूक असते ती जुन्या मूल्याबद्दलच्या समजुतीत. दोघे जण एकाच ब्रँचवर काम करत आहेत. पहिल्याने सकाळी ब्रँच पाहिली, दुपारी दुसऱ्याने तीवर दोन कमिट चढवले, आणि संध्याकाळी पहिल्याने सकाळचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून ब्रँच दुसरीकडे नेली. दुपारचे दोन कमिट कोणी पुसले नाहीत, पण त्यांच्याकडे जाणारी वाट गेली. डेटाबेसच्या अभ्यासात याला हरवलेला बदल म्हणतात आणि त्यावरचा उपाय जुना आहे. आयबीएमच्या सिस्टम/३७० यंत्रांत १९७० च्या दशकापासूनच अशी एक सूचना आहे की स्मृतीतल्या जागेवर अपेक्षित जुने मूल्य असेल तरच नवे लिहावे, नसेल तर काहीही न करता नकार द्यावा. तिला कम्पेअर-अँड-स्वॅप म्हणतात. १९८१ मध्ये एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी डेटाबेससाठी मांडलेली आशावादी पद्धतही याच जातीची: आधी कुलूप न लावता काम करा, शेवटी नोंदवताना पाया हलला नाही ना एवढे तपासा. सातबाऱ्यावरचे नाव बदलताना फेरफारात आधीचे नाव, नवे नाव आणि आधार हे सारे लागते. नुसते नवे नाव घेऊन आलेल्याची नोंद होत नाही. माझे म्हणणे असे की रेफच्या सुरक्षिततेचा सारा प्रश्न शेवटी याच अटीवर येतो, मात्र तीत एक बारकावा आहे. जुने मूल्य सांगणे पुरेसे नाही. ज्या मूल्याकडे पाहून माणसाने निर्णय घेतला, नेमके तेच सांगितले पाहिजे.

एका यंत्राच्या आत गिट ही अट चोख पाळू शकते. रेफ बदलायचा असला की त्या नावाची शेवटी लॉक जोडलेली फाइल अशा रीतीने तयार केली जाते की ती आधीच अस्तित्वात असेल तर निर्मितीच फसावी. त्या फाइलीत नवा हॅश लिहून तिचे नाव बदलले जाते आणि ती जुन्या फाइलीच्या जागी बसते, त्यामुळे वाचणाऱ्याला अर्धवट लिहिलेला हॅश दिसत नाही. अपडेट-रेफ या आज्ञेला नव्या हॅशच्या पुढे जुना हॅशही देता येतो. तो जुळला नाही तर आज्ञा नकार देते. जुन्याच्या जागी ४० शून्ये दिली तर अर्थ होतो, हा रेफ आज अस्तित्वात नसेल तरच तयार कर. तरीही रेफच्या फाइलीत थेट हॅश ओतणाऱ्या स्क्रिप्ट आजही लिहिल्या जातात. त्यांना लॉक ठाऊक नसते, जुने मूल्य ठाऊक नसते, रेफ एकत्र बांधून ठेवलेल्या पॅक्ड-रेफ्स फाइलीचा पत्ता नसतो, आणि रेफ कुठून कुठे हलला ते टिपणाऱ्या रेफलॉगमध्ये मागे नोंदही उरत नाही. वीज जाण्याचा धोका मात्र बराच काळ गिटच्याच बाजूला होता. फाइलीचे नाव बदलले, पण तिचा मजकूर डिस्कवर उतरण्याआधी यंत्र बंद पडले तर शून्य बाइटचा रेफ उरे. २०२२ च्या एप्रिलमधल्या २.३६ आवृत्तीपासून रेफचा मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री गिट करून घेऊ शकते. आणखी एक अडचण तपासात न बसणारी आहे. जी ब्रँच सध्या उघडून काम चालू आहे तिचा रेफ अपडेट-रेफने हलवला तर कामाच्या फाइली आणि इंडेक्स जुन्याच जागी राहतात, आणि नवे कमिट उलटवल्यासारखे बदल दिसू लागतात. त्या स्थितीत घाईने कमिट केले की सहकाऱ्याचे काम खरोखरच उलटते. ब्रँच आणि फेच या वरच्या थरातल्या आज्ञा उघडलेली ब्रँच हलवायला नकार देतात तो यासाठीच.

प्रश्न अवघड होतो तो पुशच्या, म्हणजे आपले कमिट सर्व्हरवर पाठवण्याच्या वेळी, आणि तिथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. फोर्स पुश म्हणजे जुने मूल्य न तपासता लिहिणे, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात पुशच्या संवादात प्रत्येक रेफसाठी जुना हॅश, नवा हॅश आणि नाव ही तिन्ही जातात, आणि फोर्स लावले तरी जुना हॅश जातोच. सर्व्हर तो ताडूनही पाहतो. मग हरवलेला बदल होतो कसा? फोर्स पुशमध्ये पाठवलेला जुना हॅश त्याच संवादाच्या सुरुवातीला, क्षणापूर्वी सर्व्हरने सांगितलेला असतो. यंत्राने तो पाहिलेला असतो, माणसाने नाही. सर्व्हरने सांगितले तेच त्याला परत ऐकवायचे आणि जुळले म्हणून पुढे जायचे, असा तो तपास आहे. दोन पुश एकाच क्षणी आदळले तर तो उपयोगी पडतो, पण दुपारी आलेले कमिट संध्याकाळी पुसले जाण्याविरुद्ध त्याचा काही उपयोग नाही. साध्या पुशची गोष्ट वेगळी. तिथे अट असते की नवा कमिट जुन्याचा वंशज असावा, म्हणजे फास्ट-फॉरवर्ड. ही अट इतिहास सरळ दिसावा म्हणून घातलेली शिस्त आहे असे अनेकांना वाटते, पण तिचे खरे मोल पुराव्याचे आहे. सर्व्हरवरचा कमिट माझ्या कमिटच्या पूर्वजांत असेल, तर तो माझ्याकडे पोहोचला होता आणि माझे काम त्याच्यावरच उभे आहे, हे आपोआप सिद्ध होते. इतिहास पुन्हा लिहिला की हा पुरावा नाहीसा होतो, आणि त्याच्या जागी दुसरा पुरावा द्यावा लागतो.

तो द्यायची सोय २०१३ च्या अखेरीस आलेल्या १.८.५ आवृत्तीत झाली, फोर्स-विथ-लीज. गिटच्या सोर्समध्ये या सोयीच्या रचनेच्या नावात आजही कम्पेअर-अँड-स्वॅपची आद्याक्षरे आहेत. या पर्यायात ब्रँचचे नाव आणि तिचा अपेक्षित हॅश दिला, तर सर्व्हरवर नेमका तोच असेल तेव्हाच ब्रँच हलते. पण बहुतेक जण हॅश न देता नुसता पर्याय लावतात, आणि मग गिट अपेक्षित मूल्य म्हणून ओरिजिनच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या, ब्रँचची आपल्याकडे असलेली नोंद घेते. ही नोंद प्रत्येक फेचला पुढे सरकते. अनेक एडिटरना दर काही मिनिटांनी पडद्यामागे फेच करायला सांगता येते. त्यांनी दुपारचे दोन कमिट आणून ती नोंद पुढे सरकवली, माणसाने ते पाहिलेही नाहीत, आणि संध्याकाळचा पुश लीजसह विनातक्रार पार पडला. पुन्हा तेच: यंत्राने पाहिलेले मूल्य माणसाने पाहिलेले म्हणून खपले. गिटच्या मार्गदर्शिकेत हा इशारा स्पष्ट लिहिला आहे, आणि २०२० च्या डिसेंबरमधल्या २.३० आवृत्तीत त्यावर फोर्स-इफ-इन्क्लूड्स ही जोड आली. ओरिजिनवरचे टोक आपल्या स्थानिक ब्रँचच्या रेफलॉगमधल्या कुठल्या तरी टप्प्यात सामावलेले होते का, ते ती पाहते. कमिट आणला गेला एवढ्यावर न थांबता तो कामात घेतला होता का, असे ती विचारते, आणि तेच विचारायला हवे होते. तरी स्क्रिप्टमध्ये या जोडीपेक्षा अपेक्षित हॅश स्वतः टिपून ठेवणे मला अधिक पसंत आहे. रिबेस, म्हणजे इतिहास पुन्हा लिहिणे, सुरू करण्याआधी हॅश चलात घ्यावा आणि पुशच्या वेळी लीजला तोच द्यावा. मधल्या काळात कोणीही कितीही फेच केले तरी तो चल बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की सार्वजनिक ब्रँचचा इतिहास पुन्हा लिहूच नये, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही. नियम म्हणून तो भक्कम वाटतो, पण गिटचा स्वतःचा प्रकल्पही तसा चालत नाही. तिथे मास्टर कधी मागे नेली जात नाही. नेक्स्ट मोठ्या आवृत्तीनंतर नव्याने उभी केली जाऊ शकते. आणि सीन ही ब्रँच तर सतत नव्याने बांधली जाते, तिच्यावर काही उभारू नये हे सर्वांना माहीत असते. लिनक्स कर्नलची लिनक्स-नेक्स्ट २००८ पासून अशीच कामाच्या दिवसागणिक नव्याने जुळवली जाते. पुनरावलोकनाला आलेली ब्रँच दुरुस्त करून पुन्हा पाठवणे हे तर रोजचेच. म्हणजे प्रत्येक ब्रँचचा वेगळा करार असतो, आणि काही करारांत मागे नेणे मान्य असते. मर्क्युरियल या गिटसारख्याच साधनाने २०१२ मध्ये फेजेसची कल्पना आणली तेव्हा कुठला चेंजसेट सार्वजनिक झाला आहे आणि कुठला अजून कच्चा आहे, याची नोंद साधनातच ठेवली. गिटमध्ये हा करार माणसांच्या समजुतीत राहतो. शिवाय इतिहास पुन्हा न लिहिताही रेफ चुकीचा हलू शकतो: ब्रँच काढून टाकली जाते, टॅग सरकवला जातो, किंवा २.० पूर्वीच्या गिटमध्ये नुसत्या पुशने दोन्हीकडे एकाच नावाच्या असलेल्या साऱ्या ब्रँच एकदम ढकलल्या जात. हे मूळ वागणे २०१४ मध्ये बदलले ते योग्यच झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माणसांवर विसंबण्यापेक्षा सर्व्हरनेच मनाई करावी. गिटमध्ये त्याची सोय फार पूर्वीपासून आहे. सर्व्हरवरच्या भांडाराला (रिपॉझिटरीला) फास्ट-फॉरवर्ड नसलेले पुश किंवा ब्रँच काढून टाकणे नाकारायला सांगता येते, आणि शेअर्ड म्हणून तयार केलेल्या भांडारात पहिली मनाई आपोआप लागू होते. गिटहबने संरक्षित ब्रँच आणल्या त्या सप्टेंबर २०१५ मध्ये. त्याच्या सुमारे पावणेदोन वर्षे आधी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, जेन्किन्स प्रकल्पाच्या दीडशेहून अधिक भांडारांतल्या ब्रँच एका चुकीच्या फोर्स पुशने जुन्या कमिटवर जाऊन बसल्या होत्या. हेतू वाईट नव्हता, अधिकार मात्र सगळीकडे होता. ब्रँच पूर्ववत करता आल्या, पण त्यासाठी गिटहबची मदत घ्यावी लागली. अशा अपघाताला सर्व्हरची मनाई नक्कीच अडवते आणि मुख्य ब्रँचवर ती असलीच पाहिजे. पण मनाई सरसकट असते. जिथे मागे नेणे हा कराराचाच भाग आहे तिथे ती लावता येत नाही, आणि नेमक्या तिथेच दोघांचे बदल एकमेकांवर आदळतात. शिवाय मनाईला अपवाद असतातच, प्रशासकांसाठी आणि आता अधिकाधिक स्वयंचलित खात्यांसाठी. या खात्यांचा व्यवहार बहुधा सेवेच्या एपीआयमधून होतो, आणि तिथली रचना पाहण्याजोगी आहे. गिटहबच्या रेस्ट एपीआयमधून रेफ बदलताना नवा हॅश आणि फोर्स हवे की नको, एवढेच सांगता येते. जुन्या मूल्याला जागाच नाही. त्याच सेवेच्या ग्राफक्यूएल एपीआयमध्ये मात्र आधीचा हॅश देता येतो. स्वयंचलित काम लिहिणाऱ्याने दुसरा मार्ग घ्यावा, थोडे जास्त लिहावे लागले तरी.

तिसरा आक्षेप दिलाशाच्या सुरात येतो: गिटमध्ये काही हरवत नाही, रेफलॉग आहे ना. स्वतःच्या यंत्रावर हे बरेचसे खरे आहे. रेफ जिथे जिथे होता त्याची नोंद राहते, मूळ मांडणीप्रमाणे ९० दिवस, आणि ब्रँचवरून सुटलेल्या कमिटांची ३० दिवस. पण ज्याचे काम सुटले तो दुसराच माणूस असतो आणि नोंद लागते ती सर्व्हरवरची. कामाच्या फाइली नसलेल्या, म्हणजे बेअर, भांडारात रेफलॉग मूळ मांडणीत बंदच असतो. सर्व्हरवरची भांडारे नेमकी याच प्रकारची असतात. नेहमीच्या फाइल-रचनेत ब्रँच काढली की तिचा रेफलॉगही तिच्याबरोबर जातो. प्रतींवर भरवसा ठेवणाऱ्यांनी केडीई प्रकल्पाचा मार्च २०१३ चा अनुभव आठवावा: मुख्य सर्व्हरची फाइल-व्यवस्था बिघडली, आणि सुमारे १,५०० भांडारांच्या आरशांनी तो बिघाड विश्वासाने उतरवून घेतला. त्या साखळीबाहेर राहिलेल्या एका प्रतीमुळे सारे वाचले. आरसा म्हणजे मुख्य सर्व्हरचा रेफ जिथे गेला तिथे न विचारता जाणारी प्रत. चुकीच्या रेफविरुद्ध तो बॅकअप होऊ शकत नाही. आणि परत मिळवता येणे वेगळे, बिघाड लक्षात येणे वेगळे. हरवलेल्या बदलाची खरी हानी अशी की तो हरवला हे कोणाला कळतच नाही, आणि ज्याचा शोध सुरूच होत नाही त्यापुढे ३० दिवसांची मुदत काही कामाची नाही.

एकाच वेळी अनेक रेफ हलवायचे असतील तेव्हा काय, याचे उत्तर अजून घडते आहे. ब्रँच आणि तिचा आवृत्ती-टॅग, किंवा एकावर एक रचलेल्या चार ब्रँच, यांतला एक रेफ हलून दुसरा अडकला तर भांडार अशा स्थितीत राहते जी कोणालाच नको होती. २०१५ च्या २.४ आवृत्तीपासून पुशला ॲटॉमिक हा पर्याय आहे. सगळे रेफ हलतील किंवा एकही नाही. स्थानिक बाजूला २०२० मध्ये अपडेट-रेफला व्यवहाराचे टप्पे मिळाले, सुरू करणे, तयार ठेवणे, पक्के करणे किंवा सोडून देणे. आणि त्याच वर्षी या टप्प्यांवर आपोआप चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे हुकही आला. गिटलॅब आपल्या गिटाली क्लस्टरमध्ये या हुकाचा वापर मतदानासाठी करते: भांडाराच्या प्रत्येक प्रतीचे यंत्र आपण कुठले रेफ कुठून कुठे हलवत आहोत ते कळवते, आणि पुरेशी मते जुळली तरच बदल पक्का होतो. तरीही फाइलींच्या रचनेत एक फट उरतेच. सगळी कुलुपे आधी लागतात हे खरे, पण फाइलींची नावे बदलतात एकामागून एक, आणि मध्येच यंत्र पडले तर अर्धे रेफ नवे, अर्धे जुने. शॉन पिअर्स यांनी गिटचेच वेगळे रूप असलेल्या जेगिटसाठी आखलेली रेफटेबल ही रचना ती फट बुजवते, कारण तिथे कितीही रेफ बदलले तरी शेवटी एकाच यादीचे नाव बदलते. मूळ गिटमध्ये ती २०२४ च्या एप्रिलमध्ये २.४५ आवृत्तीत आली. विंडोज आणि मॅकवर फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेल्या दोन ब्रँच एकमेकींवर बसतात, तो जुना त्रासही तिच्यामुळे जातो. जुजुत्सूसारखे नवे साधन पुश करताना लीजसारखा तपास मुळातच करते, त्यासाठी वेगळा पर्याय लावावा लागत नाही. मला ही दिशा योग्य वाटते. सुरक्षित वागणे ज्याला मागावे लागते तो ते घाईच्या दिवशी मागत नाही.

इथवर सारी चर्चा प्रामाणिक चुकांची झाली. कोणी मुद्दाम रेफ हलवला तर? कमिटवर डिजिटल सही असली की झाले, या समजाला २०१६ च्या यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेतल्या एका निबंधाने धक्का दिला. सांतियागो तोरेस-अरियास आणि सहकाऱ्यांनी त्यात दाखवले की सही कमिटवर असते, रेफवर नसते. सर्व्हरवर ताबा असणारा माणूस खऱ्या सह्यांचे खरे कमिट तसेच ठेवून ब्रँच मागे नेऊ शकतो आणि दुरुस्त झालेली त्रुटी पुन्हा वापरात आणू शकतो. २०१४ च्या २.२ आवृत्तीपासून पुशवरही सही करता येते, आणि त्या प्रमाणपत्रात प्रत्येक रेफचा जुना हॅश, नवा हॅश आणि नाव असते. म्हणजे सही होते ती ब्रँच कुठून कुठे नेली या विधानावर. ही सोय अजूनही फार कमी ठिकाणी वापरली जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

आणि रेफ वाचणाऱ्याचे काय? हलवणाऱ्याने जुने मूल्य सांगावे, ही अट वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तो नावावर विसंबतो. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या गिटहब ॲक्शनचे आवृत्ती-टॅग कोणीतरी एका दुष्ट कमिटवर नेऊन ठेवले. २३,००० हून अधिक भांडारे ती ॲक्शन वापरत होती, आणि त्या कमिटमधला कोड बिल्डच्या गुप्त किल्ल्या लॉगमध्ये छापत होता. टॅग जागचा हलत नाही असे सारे गृहीत धरतात, पण तोही एक रेफच. ज्यांच्या फाइलींत टॅगच्या नावाऐवजी आधीच्या कमिटचा पूर्ण ४० अक्षरी हॅश लिहिलेला होता त्यांच्याकडे त्या दिवशीही आधीचाच कोड चालला.